गाळलेल्या जागा कुणी भरायच्या? पॅल्पटीनच्या पुनरागमनाची पार्श्वभूमी

‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ २० डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि चाहत्यांचा वाद बंडखोर वैमानिक पो डॅमरनच्या तोंडच्या एका वाक्यावर येऊन अडकला. पॅल्पटीन कसा कोण जाणे, पण परत आला आहे, एवढंच तो साथीदारांना सांगतो. १९८३ च्या चित्रपटात त्याचाच हस्तक डार्थ व्हेडरने डेथ स्टार या अवकाशतळाच्या खोल विवरात भिरकावलेला हा सम्राट इथे पुन्हा मुख्य खलनायक होतो.

अशी गाळलेली जागा या मालिकेला नवी नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं. पुढच्या भागाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये दिला, तेव्हाही ल्यूकचे वडील आणि व्हेडर ही दोन वेगळी माणसं होती; वडील चक्क भूतरूपात भेटायला येतात. पुढच्याच महिन्यात ब्रॅकेट यांचं निधन झालं आणि त्यानंतरच्या मसुद्यात मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी दोघांना एक केलं. म्हणजे आधीच्या चित्रपटातलं विधान खोटं ठरलं. १९८३ मध्ये ओबी-वानकडून खुलासा आला: माझं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. खुलासा ओढूनताणून आणलेला आहे, पण तो पडद्यावर, त्याच पात्राच्या तोंडून आणि ल्यूकच्या संतापाला सामोरं जात येतो. म्हणून तो टिकला.

पॅल्पटीनच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. तो परतल्याची घोषणा करणारा संदेश साऱ्या आकाशगंगेने ऐकला, असं चित्रपटाच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात सांगितलं आहे. प्रेक्षकांना मात्र तो चित्रपटात ऐकायला मिळतच नाही. तो ऐकवला गेला ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममध्ये, १४ डिसेंबरच्या विशेष कार्यक्रमाच्या निमित्ताने, प्रदर्शनाच्या जेमतेम आठवडाभर आधी. कथेला गती देणारी घटनाच तिकीट काढणाऱ्या माणसापासून दूर ठेवली गेली, ही तक्रार मला पूर्ण रास्त वाटते.

तरीही ‘चित्रपटात काहीच सांगितलेलं नाही’ हे म्हणणं चूक आहे. एक्झेगॉल ग्रहावरच्या सुरुवातीच्या दृश्यात काचेच्या टाकीत स्नोक या आधीच्या दोन भागांतल्या खलनायकाचे देह तरंगताना दिसतात. पुढे बोमाँट हे पात्र क्लोनिंग आणि सिथांच्या, म्हणजे पॅल्पटीनच्या दुष्ट पंथाच्या, गुप्त विद्येचा उल्लेख करतं. दुवे आहेत, पण ते क्षणभर दिसतात आणि कथा पुढे पळते. त्या विवरात पडताना पॅल्पटीनचं चैतन्य क्लोन केलेल्या देहात गेलं, हे स्पष्टपणे सांगितलं ते लेखिका रे कार्सन यांच्या मार्च २०२० मधल्या कादंबरी रूपांतराने. चित्रपटाची नायिका रे हिचे वडील हेही पॅल्पटीनचे पूर्ण न जमलेले क्लोन होते, हा खुलासाही तिथलाच. पुढे ‘द मँडलोरियन’ आणि ‘द बॅड बॅच’ या मालिकांनी साम्राज्याच्या क्लोनिंग प्रयोगांचे धागे जोडले.

क्लोन देहात परतणारा सम्राट जुन्या वाचकांना ओळखीचा होता. डार्क हॉर्स या प्रकाशनाच्या ‘डार्क एम्पायर’ या सहा अंकी कॉमिकमध्ये (१९९१-९२) तो तसाच परतला होता. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म घेण्याची घोषणा केली आणि एप्रिल २०१४ मध्ये असं सगळं जुनं साहित्य ‘लेजंड्स’ म्हणून कॅननबाहेर, म्हणजे अधिकृत कथानकाबाहेर, काढलं गेलं. त्यामुळे ‘हे तर कॉमिकमध्ये होतं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

फट पडली कशी, याचं उत्तर निर्मितीच्या तारखांत आहे. नव्या त्रयीच्या या तिसऱ्या भागाचे मूळ दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडले, त्याच महिन्यात जे. जे. एब्रम्स आले आणि प्रदर्शन २४ मे २०१९ वरून डिसेंबरवर ढकललं गेलं. एब्रम्स आणि ख्रिस टेरिओ यांनी पटकथा नव्याने लिहिली. रायन जॉन्सन यांच्या ‘द लास्ट जेडाय’ या दुसऱ्या भागात स्नोक मारला गेला होता आणि रेचे आईवडील कुणी खास नव्हते असं तिचा प्रतिस्पर्धी कायलो रेन तिला सांगतो. खलनायकाची जागा रिकामी होती आणि ती भरायला तयारीचा मागचा भाग उरलाच नव्हता. त्यातच २०१६ च्या डिसेंबरात लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर गेल्या, त्यामुळे तिची दृश्यं या त्रयीच्या पहिल्या भागात न वापरलेल्या चित्रणातून बेतावी लागली. संवाद आधीचे, त्यांच्याभोवती दृश्य नंतरचं. १४२ मिनिटांत इतका ऐवज बसवताना खुलासे आधी कापले जातात.

या वादात उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पॅल्पटीन कसा वाचला, हे पुरेसं न सांगणं ही गाळलेली जागा. पुढचं साहित्य ती भरू शकतं. वाळूत बुडताना रेचा साथीदार फिन तिला काय सांगणार होता, हे त्याच गटातलं. सिथांचा हस्तक ओची याच्या, वाट दाखवणाऱ्या खंजिराचं तसं नाही; ती दृश्यातलीच खोट आहे. केफ बिर या उपग्रहावर रे उभी राहते नेमक्या त्या जागेवरून डेथ स्टारच्या अवशेषांची कड पात्याशी जुळते. लाटांच्या माऱ्यात पडलेला सांगाडा तसाच राहील आणि शोधणारा नेमका तिथेच उभा राहील, हे दोन्ही गृहीत धरावं लागतं. अ‍ॅडम ख्रिस्तोफर यांच्या २०२२ च्या ‘शॅडो ऑफ द सिथ’मध्ये ओचीची कथा विस्ताराने येते, पण रे योग्य जागी कशी पोहोचली हा प्रश्न चित्रपटातल्या दृश्याचाच राहतो.