गाड्या वेगळ्या, घड्याळ एकच

१ डिसेंबर २०१८. बहारीनमधल्या साखिरच्या वाळवंटातल्या सर्किटवर तुर्कस्तानच्या संघाने 'फिया जीटी नेशन्स कप' जिंकला. फिया म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना, आणि जीटी म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बेतलेल्या शर्यतीच्या गाड्या; हा त्यांचा देशादेशांमधला सामना. चालक होते सालिह योलुच आणि आयहानजान ग्युवेन. गाडी मात्र इटलीची, फेरारी ४८८ जीटी३. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा 'मोटरस्पोर्ट गेम्स'मध्ये सामील झाली आणि रोमजवळच्या वालेलुंगाला जपानने सुवर्णपदक घेतलं, लँबोर्गिनी चालवून! २०२२ साली फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड सर्किटवर जर्मनी जिंकली. ते निदान आपल्या घरच्या मर्सिडीजमध्ये तरी बसले होते.

म्हणजे झेंडा चालकांचा, गाडी कुणाचीही. मग जिंकलं कोण, तुर्कस्तान की फेरारी?

या प्रश्नाचं एक सरळ उत्तर आधी देऊन झालं होतं. २००५ ते २००९ या काळात 'ए१ जीपी' नावाची देशादेशांची मालिका चालायची. तिथे सगळ्या देशांना सारखीच गाडी मिळे. २००७ साली चीनमधल्या झुहाईला नारायण कार्तिकेयनने भारताला तिथे विजय मिळवून दिला होता. पण जीटी गाड्यांची गंमतच त्यांच्या वेगळेपणात आहे. पोर्शचं सहा सिलिंडरचं इंजिन पारंपरिकपणे शेपटीत. मर्सिडीजचं ६.२ लिटरचं धूड नाकाडात. त्या फेरारी ४८८चं ३.९ लिटरचं, दोन टर्बोंचं (म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्यांचं) इंजिन चालकाच्या पाठीमागे. हे सगळे एकाच रेषेवरून सोडायचे आणि तरी शर्यत चुरशीची व्हायची, यासाठी जे करतात त्याला 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' म्हणतात. या धंद्यातले लोक नुसतं 'बीओपी' म्हणतात. २००६ पासून जीटी३ हा या गाड्यांचा वर्ग याच पायावर उभा आहे.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना ही कल्पना नवी नाही. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, शिशाचे तुकडे घालून. गाडीतही तेच करतात. १३०० किलोच्या गाडीत २० किलोचं वजन पक्कं बसवलं, की त्याच ताकदीत ती साधारण दीड टक्का मंद गतीने वेग घेते. पण वजन फक्त वेग घेतानाच नडतं असं नाही. ताशी २५० किलोमीटरवरून ८० वर येताना अशी गाडी सुमारे २८ लाख ज्यूल ऊर्जा गमावते. खोलीच्या तापमानाचं आठ लिटर पाणी उकळीला यायला तेवढी उष्णता पुरते, आणि त्यातली बरीचशी काही सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांमध्ये उतरते, तीही फेरीमागे अनेकदा. वळणावर तर आणखी एक खोड दिसते. टायरवर भार वाढवला तर पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, थोडी कमीच. त्यामुळे जड गाडी वळणात मार खाते आणि तिचे टायरही लवकर झिजतात.

खरी करामत मात्र हवेची आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या श्वासनलिकेत एक अरुंद गळा बसवतात, त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. कुणालाही वाटेल, भोक लहान केलं तर इंजिन जास्त जोराने हवा ओढेल, हिशेब तिथल्या तिथे फिटला! तसं होत नाही. गळ्यातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की तिथेच थांबतो. कारण 'पलीकडे दाब कमी झालाय, लवकर या' हा निरोप मागच्या हवेला ध्वनीच्याच वेगाने जातो. प्रवाह तेवढ्याच वेगाने उलट वाहत असेल तर निरोप गळ्यातच अडकतो, पुराच्या पाण्यात जिवाच्या आकांताने पोहूनही जागीच राहिलेल्या माशासारखा. इंजिनाने कितीही जोर लावला तरी त्या भोकातून सेकंदाला जाणारी हवा ठरलेलीच. हवा ठरली की जाळता येणारं इंधन ठरलं, आणि इंधन ठरलं की ताकदीवर मर्यादा आली. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून ३८ मिलिमीटरचा गळा ३६ वर आणला की हवा सुमारे दहा टक्के घटते. केवळ दोन मिलिमीटर! इतक्या साध्या, स्वस्त आणि फसवायला अवघड पट्टीचं मला फार कौतुक वाटतं.

टर्बोवाल्यांसाठी इंजिनाच्या फेऱ्यांनुसार दाबाची कमाल मर्यादा ठरवून देतात आणि गाडीतल्या नोंदयंत्रावर ती तपासतात. याशिवाय गाडी जमिनीपासून किमान किती उंच असावी, हेही ठरतं. पोटाखालून वेगाने सरकणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढते. गाडी काही मिलिमीटर उचलली की ही ओढ कमी होते.

एवढं करून सगळ्यांची फेरीची वेळ सारखी आली, तरी शर्यत सारखी होतेच असं नाही. समजा, एक गाडी सरळ रस्त्यावर वेळ कमावते आणि दुसरी वळणांत. घड्याळ दोघींना समान ठरवेल. पण ओव्हरटेक बहुतेक वेळा लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारताना होतो. बहारीनला असा पट्टा किलोमीटरभराचा आहे. वळणांत चपळ असलेली गाडी पुढचीच्या मागे अडकून बसते आणि सरळ पट्ट्यावर पुढची निघून जाते. म्हणून सर्किटांचेही वेगानुसार गट पाडतात आणि गटागणिक आकडे बदलतात. त्यात चाचणीच्या दिवशी मुद्दाम सावकाश धावून सवलत उकळणारे संघ असतातच. त्यांना पकडणं हे भौतिकशास्त्राचं काम नव्हे, संशयी माणसाचं आहे.

राहिला चालक. त्याच्या पाठीवर शिसं ठेवता येत नाही, म्हणून फिया चालकांना वय आणि कामगिरी पाहून ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा श्रेणी देते. नेशन्स कपमध्ये संघात एक ब्रॉन्झ आणि एक सिल्व्हर अशी जोडी लागायची. पण भोकाचा व्यास मोजता येतो, तसा चढत्या वयातल्या पोराचा वेग मोजता येत नाही. श्रेणी सांगते त्याने काल काय केलं. त्या रात्री बहारीनला जिंकलेला ग्युवेन तेव्हा विशीत होता. २०२५ मध्ये तो जर्मनीच्या डीटीएम मालिकेचा विजेता झाला. तिथेही आता जीटी३ गाड्याच धावतात, आणि यावेळी तो पोर्शमध्ये होता.