कबाड्याचा भाव वेगळा, बाटलीची अनामत वेगळी

बाटल्यांवर अनामत लावायचा विषय निघाला की पारावर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "हा नवा टॅक्स." दुसरा म्हणतो, "यात नवीन काय? बाटल्या आपण कबाड्याला देतोच." दोन्ही मतं, अनामत म्हणजे नेमकं काय, याच्या एकाच घोळातून निघतात आणि तो ऐकून कान किटले आहेत.

कबाड्याचा व्यवहार कोणाला समजावून सांगायची गरज नाही. काटा त्याचा, भाव त्याचा, बदल्यात चिल्लर नाहीतर लसूण. प्लास्टिक घेतो, क्वार्टरच्या शिशीकडे बघतही नाही. काचेला वजन भारी, पैसा नाही.

अनामतीत मात्र भावाचा संबंधच येत नाही. पैसे तुमचेच, घेताना बाजूला ठेवलेले. बाटली दिली की तेवढेच परत. लग्नात वीस लिटरच्या जारचं डिपॉझिट भरताना कोणी टॅक्स म्हणून ओरडत नाही. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूदुकानं बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी आणली की परत देतात. जंगलात फेकलेल्या काचा हत्तींच्या पायात घुसत होत्या, त्यावरून ते सुरू झालं.

आता खरी गोम. काच म्हणून त्या शिशीला कवडीची किंमत नसली, तरी तिच्यात दहा रुपये अडकलेले असतात. पिणारा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकून गेला, तरी शेळ्या चारणारी बाई ती उचलून नेईल. पैसे कोणी भरले होते हे तिला कोण विचारतो? कबाड्याच्या भरवशावर तीच शिशी तिथेच फुटते आणि निंदायला आलेल्या बाईच्या टाचेत शिरते. आमच्याकडे वावरातली काच अशीच सापडते.

परत आलेली बाटली धुऊन भरतात की वितळवतात, ते कारखान्याचं कारखाना बघेल.

टॅक्सवाल्यांची एक शंका मात्र रास्त आहे: परत घेणारा नसेल तर तो टॅक्सच. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पाण्याच्या बाटलीवर परत घ्यायची किंमत छापायचा नियम आला. आमच्या गावात एकाही पानठेल्यावर ती किंमत कधी हातात पडली नाही. नुसत्या छापलेल्या आकड्याला मी अनामत म्हणणार नाही. शिवाय रक्कम दहाच्या खाली नको, रुपया-दोन रुपयांसाठी कोणी कंबर वाकवत नाही. आणि बाटली कुठल्याही दुकानात परत घेतली पाहिजे, जिथून घेतली तिथेच नाही.

वर्धा-गडचिरोलीचा पेच याहून वेगळा. तिथे दारूबंदी आहे, दुकानच नाही आणि धुऱ्यावर शिश्या तर पडलेल्या असतात. त्या कोणाच्या काउंटरवर ठेवायच्या, हे अनामतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच, आधी सांगायला हवं.