सन टेलिव्हिजन (कोबे)

सन टेलिव्हिजन, म्हणजे लोकांच्या तोंडी 'सान तेरेबी', हे जपानमधल्या ह्योगो प्रांताचं टीव्ही स्टेशन. ऑफिस कोबे शहरात, आणि चेन्नईच्या सन टीव्हीशी याचा काहीही संबंध नाही, फक्त नाव सारखं. १ मे १९६९ ला हे सुरू झालं, कोबे शिंबुन या तिथल्या पेपरच्या ग्रुपमधलं आहे.

जपानमधली बहुतेक प्रादेशिक स्टेशनं टोकियोच्या कुठल्या ना कुठल्या मोठ्या नेटवर्कला जोडलेली असतात, त्यामुळे संध्याकाळचे मोक्याचे तास टोकियोच्या प्रोग्रॅमना जातात. सन टीव्ही मात्र स्वतंत्र आहे. मोठे शो नाहीत, पैसाही कमी, पण वेळ आपल्या हातात, आणि त्या वेळेचं त्यांनी जे केलं ते मला फार भारी वाटतं. हानशिन टायगर्स या बेसबॉल टीमचं कोशिएन स्टेडियम ह्योगोमधलंच, मग सन टीव्हीने त्यांच्या मॅच पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत लाईव्ह दाखवायला सुरुवात केली. मोठी चॅनेल नऊच्या आसपास मॅच अर्धवट तोडून पुढचा प्रोग्रॅम लावायची, इथे मॅच संपेपर्यंत कॅमेरा हलायचा नाही. शेजारच्या ओसाकातही लोकांना हेच पाहिजे होतं, पण तिथल्या मोठ्या चॅनेलचं सिग्नल इकोमा डोंगरावरून यायचं आणि सन टीव्हीचं कोबेच्या माया डोंगरावरून, म्हणून टायगर्सचे फॅन छतावर माया डोंगराकडे तोंड करून वेगळा यूएचएफ अँटेना लावायचे.

११ सप्टेंबर १९९२ ची टायगर्स आणि याकुल्ट या दुसऱ्या टीममधली मॅच तर विसरणं शक्यच नाही. नवव्या इनिंगमध्ये टायगर्सच्या यागीचा होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका) आधी दिला आणि मग अंपायरनी फिरवला, त्यावर ३७ मिनिटं खेळ थांबला, शेवटी १५ इनिंगनंतर ३-३ बरोबरी, एकूण ६ तास २६ मिनिटं, संपली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जपानच्या प्रोफेशनल बेसबॉलमधली ही सगळ्यात लांबलेली मॅच.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला कोबेचा भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. स्टेशन तेव्हा पोर्ट आयलंडवर होतं, समुद्रात भराव टाकून केलेलं बेट, तिथली जमीन चिखलासारखी झाली होती. कर्मचारी स्वतःच भूकंपग्रस्त, तरी जाहिराती बाजूला ठेवून स्टेशन बातम्या देत राहिलं, पाणी कुठे मिळतंय, कुठली ट्रेन चालू झाली, असली माहिती जी त्या घडीला शहरातल्या माणसाला सगळ्यात आधी हवी होती.

अ‍ॅनालॉग प्रसारण २४ जुलै २०११ ला बंद झालं, आता रिमोटवर ३ दाबलं की सन टीव्ही लागतो.