वेगळ्या यूएसआरचा वाद आणि डिस्कच्या वाटण्या : पार्श्वभूमी

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत २००० नंतरच्या दशकात लिनक्स आले ते बरेचदा मासिकासोबतच्या सीडीवरून, आणि तेही विंडोजच्या शेजारी. ४० जीबीच्या डिस्कवर सी आणि डी हे भाग (पार्टिशन) आधीच आखलेले असत. डी रिकामा करायचा, त्या जागेत रूट (मूळ सिस्टीम), स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची जागा) आणि होम (वापरकर्त्यांच्या फाइली) बसवायचे, एवढेच नियोजन. एमबीआर या पार्टिशनांच्या जुन्या तक्त्यात चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन मावतात, म्हणून त्यांतले एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल (उप-पार्टिशन) काढणे ओघानेच आले. स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवायचा हा दंडक मात्र जुन्या युनिक्सकडून जसाच्या तसा उचललेला होता. रॅम वाढत गेली तरी तो कोणी तपासला नाही.

खरा वाद होता यूएसआर (/usr, बहुतेक प्रोग्रॅम आणि लायब्ररी ठेवण्याची डिरेक्टरी) वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचे की नाही, हा. तो समजायला थोडे मागे जावे लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स चालणाऱ्या पीडीपी-११ संगणकावरची सिस्टीमची छोटी डिस्क भरली, तेव्हा प्रोग्रॅम शेजारच्या डिस्कवर सांडले. तिथे वापरकर्त्यांच्या फाइली होत्या आणि ती डिस्क यूएसआर या नावाने माउंट होत असे, म्हणजे सिस्टीमला जोडली जात असे. प्रोग्रॅमसाठी बिन (/bin) आणि यूएसआर-बिन (/usr/bin) अशा दोन डिरेक्टऱ्यांची दुहेरी मांडणी त्या टंचाईतून आली.

पुढे या फाळणीला चांगली कारणे जोडली गेली. रूट लहान असेल तर फाइलसिस्टीमची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या रचनेची) तपासणी लवकर उरकते आणि यूएसआर बिघडले तरी दुरुस्तीपुरते मशीन उभे राहते. डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनना तर एकच यूएसआर एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली पुरवण्याची सोय), केवळ वाचण्यापुरते, वाटता येत असे. एका प्रयोगशाळेत वीस मशीन सांभाळणाऱ्या माणसासाठी ही सोय मोलाची होती. तिला जुनाट म्हणून झटकणे अन्यायाचे आहे.

पण कारणे एकेक करून संपली. सन कंपनीच्या सनओएस ४ या युनिक्सने १९८८ मध्येच बिनला यूएसआर-बिनकडे नेणारा दुवा केला होता. लिनक्सवर बूटच्या सुरुवातीलाच चालणारे प्रोग्रॅम यूएसआरमधल्या लायब्ररी मागू लागले आणि यूएसआर वेगळे असलेली मशीन अर्ध्यावर अडखळू लागली. मग इनिट्रॅमएफएस (बूटच्या वेळी रॅममध्ये चढणारी तात्पुरती छोटी सिस्टीम) रूटबरोबर यूएसआरही आधीच माउंट करू लागले. २०१२ मध्ये फेडोरा १७ या लिनक्स वितरणाने बिन, एसबिन (प्रशासनाचे प्रोग्रॅम) आणि लिब (लायब्ररी) यूएसआरमध्ये हलवले. डेबियन या दुसऱ्या वितरणात यावरून वर्षानुवर्षे भांडण झाले आणि २०२३ च्या आवृत्ती १२ मध्ये एकत्रित मांडणीच उरली. फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या युनिक्सने दोन्ही बिन अजून वेगळे ठेवले आहेत. लिनक्सपुरता निर्णय योग्य झाला असे माझे मत आहे. व्हारची (/var, लॉगच्या नोंदींसारख्या बदलत्या फाइलींची जागा) गोष्ट निराळी: लॉग फुगले तरी रूट गुदमरू नये, हे कारण आजही लागू आहे.

पार्टिशनचा आकार बदलण्याचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. पूर्वी टेपवर डंप (प्रत), पार्टिशनच्या नव्या रेषा, मग रिस्टोर. सनच्या सोलारिसवरचे यूएफएस (तिथली फाइलसिस्टीम) वाढवता येई, लहान करता येत नसे. लिनक्सवर ईएक्सटी-२ ही फाइलसिस्टीम दोन्ही दिशांना जाऊ लागली, पण क्रम पाळावा लागतो. लहान करताना आधी फाइलसिस्टीम, मग पार्टिशन. वाढवताना आधी पार्टिशन, मग फाइलसिस्टीम. लहान करताना उलटे केले तर शेवटचे ब्लॉक रेषेबाहेर राहतात.

पार्टिशनची सुरुवात सरकवणे त्याहून धोक्याचे, कारण सगळा डेटा उचलून पुढे-मागे लिहावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, भारनियमनाच्या काळात हे काम यूपीएसशिवाय करणे म्हणजे डेटा पणाला लावणे. ईएक्सटी-२ च्या पुढच्या आवृत्तीचे, ईएक्सटी-३ चे, जर्नल (बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही) इथे वाचवत नाही. ते फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या नोंदी सांभाळते, तिच्याखालून सरकणारे ब्लॉक नव्हे.

एलव्हीएमने (डिस्कची जागा एकत्र करून तिच्यातून लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे लवचीक पार्टिशन, काढून देणारी सोय) हे सरकवणेच अनावश्यक केले. लॉजिकल व्हॉल्यूमचे तुकडे डिस्कवर सलग असावे लागत नाहीत. एआयएक्स आणि एचपी-यूएक्स या व्यावसायिक युनिक्सांवर ही सोय आधीच होती. लिनक्सवर ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. आपल्या प्रयोगशाळांनी ती तेव्हाच उचलायला हवी होती. आज एसएसडी आणि जीपीटीच्या (एमबीआरच्या जागी आलेला तक्ता) मशीनवरही व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमने एकत्र केलेल्या जागेत) थोडी जागा न वाटता ठेवावी, विशेषतः एक्सएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर: ती चालू असताना वाढते, पण दिलेली जागा परत घेण्याची व्यवहार्य सोय तिच्यात नाही.