लाल यादीत प्रजातीची नोंद: पात्रता, पुरावे आणि प्रक्रिया

एखादी वनस्पती पूर्वी भरपूर दिसायची, आता शोधावी लागते, असं पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरताना अनेकांना जाणवतं. आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटना कोणत्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे, ते लाल यादीत नोंदवते. या यादीसाठी तिचं मूल्यमापन सुरू करायला पदवीची किंवा सरकारी पदाची अट नाही. अट आहे ती प्रजातीला: शास्त्रीय नाव रीतसर प्रसिद्ध झालेलं हवं. जागतिक श्रेणी मिळते ती संपूर्ण प्रजातीला, त्यामुळे फक्त पुण्यातल्या नोंदी पुरत नाहीत.

'दुर्मीळ आहे' हा पुरावा नव्हे. निकष पाच आहेत, त्यातला एक पूर्ण झाला तरी चालतो. पहिला निकष घटीचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून हजारोंनी आहेत, तरी ती अतिसंकटग्रस्त, कारण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांची संख्या तीन पिढ्यांत ८० टक्क्यांहून जास्त घटवली. संकटग्रस्तसाठी ही घट ५० टक्के, असुरक्षितसाठी ३०. शिवनेरीच्या कड्यांवरच्या शिंदळ माकुडीसारख्या वनस्पतींना दुसरा, क्षेत्राचा निकष सोयीचा. विस्तारक्षेत्र, म्हणजे प्रजातीच्या सगळ्या ठिकाणांना वेढणारं क्षेत्र, ५,००० चौरस किलोमीटरहून कमी असेल तर संकटग्रस्त, १०० हून कमी असेल तर अतिसंकटग्रस्त. पण सोबत तीनपैकी किमान दोन गोष्टींचा पुरावा लागतो: आढळ तुटक किंवा मोजक्या ठिकाणी असणं, घट चालू असणं, संख्येत किंवा क्षेत्रात टोकाचे चढउतार होणं. उरलेले निकष कमी संख्येचे आणि गणिती भाकिताचे.

खरा वेळ जातो तो पुराव्यांत. आढळाचा नकाशा, संख्येचा कल, अधिवास, धोके, संदर्भ हे सगळं लागतं. जुने नमुने कधी आणि कुठून गोळा केले, हे पाहायला कोरेगाव पार्क भागातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहाइतकी चांगली जागा पुण्यात नाही. प्राण्यांसाठी आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षण. जुन्या ठिकाणी जाऊन रोप सापडलं नाही, तर तेही तारखेसह लिहा. ती नोंद फार मोलाची असते.

त्यानंतर आययूसीएनच्या संबंधित तज्ज्ञ गटाशी संपर्क साधा. पश्चिम घाटातल्या वनस्पतींसाठी स्वतंत्र गट आहे. मसुदा किमान एक स्वतंत्र परीक्षक तपासतो, मग लाल यादीचा कक्ष. आकडे कमी पडले तर 'अपुरी माहिती' ही श्रेणी मिळते, तिला नकार समजू नका. दहा वर्षांनी मूल्यमापन जुनं ठरतं.

या श्रेणीने कायदेशीर संरक्षण आपोआप मिळत नाही. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींतून येतं.

एक विनंती: कंदीलपुष्पांसारख्या वनस्पतींचे कंद उकरून नेले जातात. अचूक ठिकाण फक्त तज्ज्ञ गटाला द्या, फोटोसोबत टाकू नका.