डिग्री, ब्रिक्स आणि प्रूफ : एका काचेच्या नळीची पार्श्वभूमी

जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे दोन द्राक्ष बागायतदार भेटले की चहा येण्याआधी प्रश्न येतो, ‘ब्रिक्स कितीवर आहे?’ त्याच गावात पहाटे दूध संकलन केंद्रावर दुसरा शब्द कानावर पडतो, ‘आज डिग्रीच लागली नाही.’ दारूवरच्या उत्पादन शुल्काच्या कागदांत तिसरा शब्द भेटतो, ‘प्रूफ लिटर’. धंदे तीन, शब्द तीन. पण तिन्हींचा उगम एकाच प्रश्नात आहे. हा द्रव पाण्याच्या मानाने किती जड?

संकलन केंद्रावर हे मोजमाप जवळून बघायला मिळतं. उभट भांड्यात काठोकाठ दूध ओततात, फेस बाजूला करतात आणि काचेची नळी, म्हणजे लॅक्टोमीटर, अलगद सोडतात. तिच्या फुगीर बुडात वजन भरलेलं असतं, वरच्या बारीक दांडीवर खुणा असतात. नळी दोन-चार वेळा खालीवर होते आणि स्थिरावते. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारते, म्हणून द्रव हलका असेल तर तिला जास्त खोल जावं लागतं. त्यामुळेच दांडीवरचे आकडे वरून खाली वाढत जातात आणि नवखा माणूस वाचताना चुकतो. २८ डिग्री म्हणजे सापेक्ष घनता १.०२८, अर्थात लिटरभर दूध लिटरभर पाण्यापेक्षा साधारण २८ ग्रॅम जड. गाईचं चांगलं दूध बहुतेक वेळा २८ ते ३२ च्या दरम्यान बसतं.

या नळीचं मूळ आपण आर्किमिडीजच्या मुकुटाच्या गोष्टीत शोधतो. ती गोष्ट मात्र त्याच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने ती लिहिली. सांडलेल्या पाण्यावरून सोन्यातली भेसळ ओळखणं फार ढोबळ ठरेल, हे गॅलिलिओने १५८६ मध्ये, वयाच्या बाविशीत, एका छोट्या टिपणात मांडलं आणि पाण्यात बुडवून तोलायचा नाजूक तराजू सुचवला. आर्किमिडीजचं खरं देणं म्हणजे तरंगण्याचा नियम. आपल्या नळीला तेवढा पुरतो.

नळीचं स्पष्ट वर्णन इसवी सन ४०० च्या आसपासच्या एका पत्रात सापडतं. सायनेसियस नावाच्या शिष्याने अलेक्झांड्रियातल्या गणितज्ञ हायपेशियाला लिहिलं की मला एक उपकरण करवून पाठवा : बासरीएवढी नळी, अंगावर उभ्या ओळीत खाचा, खाली वजनासाठी शंकू. पुढे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य आशियातल्या मर्व्ह शहरात अल-खाझिनी या विद्वानाने तराजूंवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात असंच उपकरण वर्णन केलं आणि गरम व थंड पाण्याचं वजन सारखं भरत नाही हेही नोंदवलं. त्याच्या आधी अल-बिरुनीने, म्हणजे गझनीच्या महमुदाच्या काळात भारतात येऊन गेलेल्या त्याच विद्वानाने, बारीक तोटीच्या शंकूसारख्या भांड्यातून सांडणारं पाणी तोलून धातू आणि रत्नांची तुलनात्मक वजनं काढली होती.

पण ही नळी घरोघरच्या धंद्यात शिरली ती ज्ञानाच्या ओढीने नव्हे, भेसळ आणि कराच्या निमित्ताने. हा इतिहास वाचताना मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट बॉइलने १६७५ मध्ये आपलं तरंगतं उपकरण मांडलं ते खोटी नाणी पकडण्यासाठी. ब्रिटनमध्ये दारूवर कर लावायचा तर तिच्यात अल्कोहोल किती आणि पाणी किती हे कळायला हवं होतं. १८१६ च्या कायद्याने साइक्सचा पितळी हायड्रोमीटर, म्हणजे असंच तरंगून घनता दाखवणारं उपकरण, सरकारी ठरला. ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच पाण्याच्या बारा-तेरांश वजन भरेल ती दारू ‘प्रूफ’, अशी व्याख्या झाली. इंग्रजांबरोबर ती इथे आली आणि कागदोपत्री राहिली.

ब्रिक्सही मुळात माणसाचं नाव. १८४३ मध्ये प्रागच्या कार्ल बॉलिंगने साखरेच्या पाकाच्या घनतेचे तक्ते केले आणि १८५० च्या दशकात आडॉल्फ ब्रिक्स या जर्मन गणितज्ञ-अभियंत्याने ते तपासून अधिक नेमके केले. शंभर ग्रॅम द्रावणात वीस ग्रॅम साखर म्हणजे २० ब्रिक्स. बागेत हल्ली रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून ते उपकरण डोळ्याला लावतात. तिथे घनतेऐवजी प्रकाश किती वाकतो ते मोजलं जातं, पण आकडे ब्रिक्सचेच राहिले.

आता दुधाच्या डिग्रीकडे परत येऊ, कारण इथे रोज पैशाचा प्रश्न आहे. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. साय काढली की मात्र ती चढते, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षाही हलका असतो. म्हणून आधी साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचं, की काटा पुन्हा जागच्या जागी! एकट्या लॅक्टोमीटरला ही लबाडी कळत नाही. १८९० मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने आणि लगोलग स्वित्झर्लंडमध्ये गर्बरने फॅट मोजायची सोपी पद्धत काढली, तेव्हा कुठे हा खेळ उघडा पडला. आज पावतीवर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) शेजारी-शेजारी छापलेले असतात, ते यासाठी.

उलट बाजूने प्रामाणिक माणसावरही अन्याय होऊ शकतो. धारोष्ण दूध कोमट असतं, त्यात हवेचे बुडबुडे असतात, स्निग्धांश अजून घट्ट झालेला नसतो. तेच दूध काही तासांनी मोजलं तर डिग्री जास्त भरते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यांचं वाचन तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय एका मापाने धरता येत नाही. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. १७९९ चा किलोग्रॅम ठरवताना फ्रान्समध्ये पाणी तोललं गेलं ते याच तापमानाच्या आधाराने. दांडीवर छापलेलं तापमान बघायची सवय प्रत्येक केंद्रावर असायला हवी, असं मी आग्रहाने म्हणेन. पेट्रोल पंपावर घनता तपासताना हायड्रोमीटरबरोबर थर्मामीटर वापरतात आणि वाचन १५ अंशांवर आणून ताडतात. दुधालाही तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

वाइनच्या टाकीत ही नळी सर्वांत सुंदर दिसते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणल्यावर नाशिकच्या आसपास वाइनरी वाढल्या आणि द्राक्षाचा हंगाम टाकीपाशीही मोजला जाऊ लागला. २२ ब्रिक्सचा ताजा रस सुमारे १.०९ दाखवतो, नळी उंच तरंगते. यीस्ट साखर खायला लागलं की दर दिवशी ती थोडी खाली बसते. वाचण्याआधी तिला बोटांनी हलकी गिरकी देतात, अंगाला चिकटलेले वायूचे बुडबुडे सुटावेत म्हणून. मग डोळा रसाच्या पातळीवर आणून आकडा वहीत टिपतात. साखर संपत येते, तिच्या जागी पाण्याहून हलकं अल्कोहोल येतं आणि एका सकाळी काटा १ च्याही खाली, ०.९९५ च्या आसपास टेकतो.