सिगार, मीठ आणि घट्ट झाकण

पाच लिटरच्या हवाबंद डब्यात २० सिगार आहेत आणि आतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे, असं समजू. २० अंश सेल्सिअसला त्या डब्यातल्या हवेत पाणी असतं साधारण ०.०६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक थेंब. नीट राखलेल्या सिगारच्या वजनात मात्र सुमारे आठवा हिस्सा पाणीच असतं. एक सिगार १० ग्रॅमची धरली, तर वीस सिगारमध्ये झालं २५ ग्रॅम. हवेतल्या पाण्याच्या चारशे पट! ह्युमिडॉर नावाच्या महागड्या लाकडी पेटीचं जे कौतुक चालतं, त्यातलं बरंचसं या हिशेबापुढे टिकत नाही. पाण्याचा खरा साठा तंबाखूच्या पानांत असतो. तो निसटू नये आणि बाहेरची जास्तीची ओल आत शिरू नये, एवढंच डब्याचं काम. झाकणाला सिलिकॉनची कडी असलेला, कसलाही वास नसलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा ते चोख करतो.

लाकडी पेटीला आतून स्पॅनिश सीडर लावतात. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. वास छान, पण लाकूड स्वतःच पाणी पितं. नवी पेटी आधी काही दिवस ओलावून घेतली नाही, तर ती सिगारचंच पाणी ओढून घेते. शिवाय स्वस्तातल्या पेटीचं झाकण क्वचितच घट्ट बसतं. वास हवाच असेल तर त्याच लाकडाची एखादी पट्टी डब्यात टाकावी.

तंबाखूचं पान भोवतालच्या हवेशी सतत पाण्याची देवघेव करतं. हवा कोरडी पडली की पान पाणी सोडतं, दमट झाली की शोषतं. किती, ते मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी उघडी राहिलेली सिगार लवकरच कुरकुरीत होते. मुंबईच्या जुलैत ती फुगते, नीट जळत नाही आणि बुरशीचीही भीती असते. वाळलेली सिगार घाईने ओलवायला गेलं, तर आतल्या तंबाखूपर्यंत पाणी पोचण्याआधीच बाहेरचं पान ते पितं, असमान फुगतं आणि फाटतं. तिला काही आठवडे द्यावे लागतात.

आर्द्रता मोजायला स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, फक्त तो खरं बोलतो का हे तपासून घ्यावं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि ते नुसतं भिजेल, पण विरघळणार नाही, इतकेच पाण्याचे थेंब टाका. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत रात्रभर बंद करून ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. ८० दिसला, तर यंत्र ५ ने जास्त दाखवतंय. तेवढं वजा करून वाचायचं. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांहून दमट झाली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून आणखी विरघळतं. कोरडी झाली की द्रावणातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मिठाचे खडे परत जमतात. विरघळलेलं आणि न विरघळलेलं मीठ दोन्ही शिल्लक आहे तोवर हा आकडा हलत नाही, आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान तापमानानेही त्याला फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते याच नियमाने. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, म्हणून त्याला अधिकच लवकर सुटतं.

बाजारात मिळणारी आर्द्रता राखणारी पाकिटंही बहुतेक याच तत्त्वावर चालतात. आत क्षारांचं संपृक्त द्रावण, बाहेर वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा. क्षार बदलला की आकडा बदलतो. आपल्याकडच्या उकाड्यात ६५ टक्क्यांचं पाकीट बरं. साधारण एका बऱ्यापैकी सिगारच्या किमतीत ते येतं आणि चांगल्या बंद डब्यात कित्येक महिने चालतं. ओला स्पंज किंवा सफरचंदाची फोड ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यांना थांबायचं कुठे हे कळत नाही, आणि फोडीवर तर आधी बुरशीच येते.

उष्णतेचा खरा धोका किड्याचा. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा तंबाखू पोखरतो. हाच आपल्या डब्यातल्या हळदीला आणि मिरचीलाही लागतो. ३० अंशांच्या आसपास तो जोमाने वाढतो, म्हणून डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, तळाशी ठेवावा. सिगारवर टाचणीने पाडल्यासारखी भोकं दिसली, तर सगळ्याच सिगार पिशवीत बंद करून उणे १८-२० अंशांच्या फ्रीझरमध्ये पाच-सहा दिवस ठेवाव्यात. मग एक दिवस फ्रिजमध्ये, आणि त्यानंतरच बाहेर. क्युबातही निर्यातीआधी सिगार गोठवतात. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा मात्र तेवढा थंड होईलच असं नाही.

नवशिक्याने एवढंही करायची गरज नाही. आधी एखाद-दुसरी सुटी, लहान आणि सौम्य सिगार घ्यावी, आठवड्याच्या आत संपवावी आणि आवड टिकली तरच डबा घ्यावा. १० ग्रॅमच्या एका सिगारमध्ये डझनभराहून जास्त सिगारेटींचा तंबाखू असतो. तिचा धूर बहुधा अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, धूर छातीत न घेताही. उपाशीपोटी मोठी सिगार ओढणाऱ्याला गरगरतं, मळमळतं ते यामुळेच. आणि त्याच न गिळलेल्या धुरातले कर्करोगकारक घटक तोंडाला, घशाला, स्वरयंत्राला भिडतात; डब्यातली आर्द्रता कितीही अचूक राखली तरी.